केसांचा गुंता व जट : कारणे, प्रतिबंध आणि घरगुती उपाय

नांदेड जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर, तेलंगणास लागून, बिलोली तालुका वसलेला आहे. मांजरा नदीच्या काठची ही गावे शेतीवर जगणारी असून खुरपणी, कापूसवेचणी, सोयाबीनची कापणी, हळदीची काढणी इत्यादी कामांत स्त्रियांचा वाटा पुरुषांपेक्षा कमी नाही, किंबहुना अधिकच आहे. सकाळी स्वयंपाक उरकून शेतावर जावयाचे, दिवसभर ऊन, धूळ व घाम यांत राबावयाचे आणि सायंकाळी डोक्यावर सरपणाचा किंवा वैरणीचा भारा घेऊन घरी परतावयाचे, असा हा दिनक्रम होय. अशा दिनक्रमात केसांकडे लक्ष देण्यास सवड उरत नाही. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई पडली म्हणजे डोके धुणे पंधरा-पंधरा दिवस लांबणीवर पडते. मग केसांत गुंता होतो, गुंत्याची गाठ होते आणि गाठीची जट बनते.

हा विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु जट ही केवळ केसांची गोष्ट राहत नाही. ती मानेचे दुखणे, उवा, फोड व दुर्गंधी घेऊन येते आणि तिच्यामागून भीती येते. ‘देवी अंगावर आली, आता कंगवा लावू नये,’ असे कोणी सांगितले की ती स्त्री पुढील वीस-तीस वर्षे ते ओझे वाहत राहते. लहान मुलीच्या केसांत जट दिसली तर तिचे सारे आयुष्यच पणास लागते. म्हणून गुंता का होतो, तो कसा टाळावा व झालाच तर कसा सोडवावा, हे प्रत्येक कुटुंबास व गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्यास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

गुंता का होतो?

केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्वचेखाली असलेले त्याचे मूळ तेवढे जिवंत असते. त्वचेच्या वर दिसणारा भाग निर्जीव असतो. नखाचे टोक कापले असता ज्याप्रमाणे दुखत नाही, त्याप्रमाणेच केस कापले असता दुखत नाही व रक्तही येत नाही. केस महिन्यास सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात व त्यांपैकी पन्नास ते शंभर केस दररोज आपोआप गळतात. विंचरताना फणीत येणारे गुंतवळ ते हेच.

केसाच्या पृष्ठभागावर अत्यंत सूक्ष्म खवले असतात. घरावरील कौले जशी एकावर एक रचलेली असतात तशीच त्यांची रचना असून त्या सर्वांची तोंडे मुळाकडून शेंड्याकडे असतात. म्हणून केसावरून मुळाकडून शेंड्याकडे बोट फिरविल्यास ते सुळकन जाते, उलट दिशेने फिरविल्यास मात्र अडते. दोन केस उलटसुलट दिशांनी एकमेकांवर घासले गेले की हे खवले एकमेकांत अडकतात. ओलावा, उष्णता, घर्षण व साबणाचा खार यांची जोड मिळाली म्हणजे ही पकड घट्ट होत जाते. लोकर भिजवून, साबण लावून व मळून नमदा तयार करतात तो याच गुणामुळे. मेंढीच्या अंगावर शेण, मूत्र व काटे लागून लोकरीच्या घट्ट गोळ्या होतात, हे मेंढपाळ बंधूंच्या नित्य पाहण्यातले आहे. मनुष्याच्या डोक्यावर होणारी जट ही त्याच जातीची घटना होय. मेंढीच्या लोकरीत जे निसर्गनियमाने घडते, तेच माणसाच्या केसांत घडले असता त्यास दैवी कारण शोधण्याचे प्रयोजन नाही.

गुंता वाढविणारी कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील :

१. केस नियमित न विंचरणे. गळालेले केस बाहेर न निघता उरलेल्या केसांभोवती गुरफटतात.

२. कपडे धुण्याचा साबण किंवा सोडा डोक्यास लावणे. खारामुळे खवले उघडतात व केस राठ होतात.

३. जड पाणी. ज्या विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यात साबणास फेस येत नाही, ते पाणी जड समजावे. अशा पाण्यात साबणाची चिकट साय बनून ती केसांवर बसते.

४. न्हाताना केस डोक्यावर गोळा करून चोळणे आणि न्हाल्यावर पंचाने खसाखसा पुसणे.

५. मोकळे किंवा ओले केस घेऊन निजणे.

६. बाळंतपण किंवा दीर्घ आजार. या काळात कित्येक दिवस डोक्यास फणी लागत नाही. शिवाय बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी केस अधिक गळतात, त्यामुळे गुंत्यास आयतेच खाद्य मिळते. अनेक जटांचा आरंभ अशा काळात झालेला असतो.

७. उवा व लिखा. खाजविल्याने केस अस्ताव्यस्त होतात आणि फोडांतील लस सुकून केस एकमेकांस चिकटतात.

८. मनाचा आजार. मन खचलेली व्यक्ती स्वतःच्या शरीराची निगा राखू शकत नाही. अशा वेळी केसांबरोबर मनावरही वैद्यकीय उपचार व्हावयास हवेत.

प्रतिबंध : थोडी निगा, अल्प खर्च

गुंता सोडविण्यापेक्षा तो होऊ न देणे केव्हाही सोपे. याकरिता महागड्या प्रसाधनांची मुळीच आवश्यकता नाही. रुंद दातांचा एक कंगवा, एक बारीक फणी, थोडे तेल व शिकेकाई एवढी सामग्री पुरेशी आहे.

दिवसातून एकदा, शक्य तर रात्री निजण्यापूर्वी, केस विंचरून सैल वेणी घालावी. वेणी घातलेले केस उशीवर घासले गेले तरी गुंतत नाहीत. शेतावर जातानाही वेणी घालून वर रुमाल किंवा पदर घट्ट बांधावा. धूळ, कापसाची सरकी-पत्ती व हळदीची भुकटी केसांत शिरत नाही. औषधफवारणी चालू असलेल्या शेतात तर डोके झाकल्यावाचून जाऊच नये आणि घरी आल्यावर अंघोळ करून डोके धुवावे.

येथे एक गंभीर इशारा देणे अवश्य आहे. मळणी यंत्र, कडबाकुट्टी, ट्रॅक्टरचा फिरता दांडा व पिठाच्या गिरणीचा पट्टा यांच्याजवळ मोकळे केस, लोंबणारी वेणी किंवा सुटा पदर घेऊन कोणीही उभे राहू नये. फिरत्या भागात केस अडकल्यास डोक्याची कातडी केसांसह क्षणात सोलून निघते. केसांचा अंबाडा बांधून त्यावर रुमाल घट्ट आवळल्याशिवाय यंत्राजवळ जाऊ न देणे ही यंत्रमालकाची जबाबदारी आहे.

डोके आठवड्यातून एकदा धुवावे. न्हाण्यापूर्वीच केस विंचरून घ्यावेत. गुंता ओला झाला की तो अधिक आवळतो. दोन चमचे शिकेकाईची पूड तांब्याभर पाण्यात उकळून, गाळून वापरावी. रिठा घेतल्यास तो डोळ्यांत जाणार नाही अशी काळजी घ्यावी. पाणी वरून खाली एकाच दिशेने ओतावे व बोटांनी केवळ डोक्याची त्वचा चोळावी. पाणी जड असेल तर शेवटच्या तांब्यात अर्ध्या लिंबाचा रस पिळावा. त्यामुळे साबणाची साय निघून जाते व केस मऊ राहतात. टंचाईच्या दिवसांत अर्ध्या बादलीत डोके धुता येते; तेवढेही पाणी नसेल तर निदान विंचरण्यात खंड पडू देऊ नये. पाण्यावाचून केस मळतील, पण फणी फिरत राहिल्यास त्यांची जट होणार नाही.

न्हाल्यावर केस पंचाने टिपून घ्यावेत. ओला केस ताणला असता लवकर तुटतो, म्हणून तो जरा सुकू द्यावा व मगच रुंद दातांचा कंगवा चालवावा. तेलामुळे केसांचे परस्परांवरील घर्षण कमी होते. खोबरेल तेल केसाच्या आत शिरते व त्यातील प्रथिनांची झीज कमी करते. ते न मिळाल्यास घरचे करडईचे किंवा तिळाचे तेलही चालेल.

उवांकरिता शेतातील औषध वापरू नये

उवा झाल्या असता शेतावर फवारण्याचे कीटकनाशक किंवा रॉकेल डोक्यास लावण्याचा प्रकार काही ठिकाणी घडतो. हा प्रकार प्राणघातक आहे. कीटकनाशक डोक्याच्या त्वचेतून, विशेषतः खाजवून झालेल्या जखमांतून, रक्तात मिसळते आणि लहान मूल त्यास सहज बळी पडते. चुकून असे औषध लागल्यास अंगावरील कपडे काढून डोके व अंग साबणाने भरपूर धुवावे, औषधाची बाटली सोबत घ्यावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून रुग्णास ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

उवांवर सुरक्षित उपाय म्हणजे केसांस तेल लावून किंवा ते ओले करून, बारीक फणीने एकेक बट विंचरणे. लिखा सात ते दहा दिवसांत फुटून नव्या उवा निघतात. म्हणून हा क्रम दर तीन-चार दिवसांनी, दोन ते तीन आठवडे चालू ठेवावा. उवांचे औषध लागल्यास ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने घ्यावे. घरातील सर्वांची डोकी एकाच दिवशी तपासावीत. अन्यथा एकीच्या डोक्यातून गेलेल्या उवा दुसरीच्या डोक्यातून परत येतात.

झालेला गुंता सोडविण्याची रीत

१. केस कोरडे असतानाच गुंत्यास भरपूर तेल लावावे व निदान एक तास मुरू द्यावे. गुंता घट्ट असेल तर रात्रभर राहू द्यावे.

२. मोकळे केस बाजूस बांधून गुंता वेगळा करावा.

३. गुंत्याच्या वरील बाजूस, म्हणजे मुळाकडे, केस एका हाताने घट्ट धरावेत. त्यामुळे ओढ त्वचेस लागत नाही व दुखत नाही.

४. प्रथम बोटांनी, नंतर कंगव्याच्या टोकाने, शेंड्याकडील केस मोकळे करावेत. तेवढे झाले की बोटभर वर सरकावे. मुळाकडून आरंभ केल्यास सर्व गाठी खाली एकवटतात व गुंता अधिक घट्ट होतो.

५. सर्व केस सुटल्यावर बारीक फणी चालवावी, गुंतवळ काढून टाकावे व मगच डोके धुवावे.

चार-सहा आठवड्यांची जट या रीतीने दोन-तीन बैठकांत बहुधा सुटते. मुलीस जवळ बसवून, तिच्याशी बोलत बोलत, अर्धा तास हे काम करावे; ती कंटाळली की थांबून दुसऱ्या दिवशी पुन्हा हाती घ्यावे.

जुनी जट मात्र नमद्यासारखी एकजीव झालेली असते व ती उकलत नाही. तीस कापणे हाच उपाय होय. त्वचा व जट यांच्यामध्ये बोट घालून, बोटाच्या बाहेरून कात्रीने थोडे थोडे कापावे. खाली फोड, पू किंवा अळ्या आढळल्यास ते काम आरोग्य केंद्रातच करून घ्यावे. कापल्यावर डोके सौम्य साबणाने धुवावे. वर्षानुवर्षांचे ओझे उतरल्यामुळे मान व डोके हलके वाटते. काही दिवस त्वचा नाजूक राहते, तेवढ्यापुरती उन्हापासून काळजी घ्यावी.

जट आणि देवीचा कोप

जट म्हणजे देवीचे बोलावणे होय, ती कापल्यास घरावर संकट येते, असा समज महाराष्ट्र, कर्नाटक व तेलंगण या तिन्ही राज्यांतील अनेक गावांत रूढ आहे. एकदा हा समज मनात बसला म्हणजे जटेस फणी लावणे बंद होते, तीवर तेल व भंडारा वाहिला जातो आणि ती वाढतच जाते. यल्लम्माच्या नावाने मुली सोडण्याच्या प्रथेत, मुलीच्या केसांत आलेली जट हे एक निमित्त ठरत आले आहे. मुलीचे डोके काही आठवडे विंचरले गेले नाही, एवढ्या क्षुल्लक कारणावरून तिचे शिक्षण, विवाह व संसार हिरावले गेले, याहून मोठा अन्याय कोणता?

ही समजूत केवळ आपल्याकडेच होती असे नव्हे. युरोपातील पोलंड देशात अशा जटेस ‘कोल्टुन’ म्हणत. रोग शरीरातून बाहेर पडून जटेत येतो व ती कापल्यास रोगी आंधळा किंवा वेडा होतो, अशी तेथे शेकडो वर्षे श्रद्धा होती. एकोणिसाव्या शतकात क्राको येथील वैद्य यूझेफ डीट्ल यांनी जट हा रोग नसून अस्वच्छतेचा परिणाम आहे, असे प्रतिपादन करून तिच्याविरुद्ध मोहीम चालविली. फणी, साबण व शिक्षण यांचा प्रसार झाला तसतशी तेथील जट नाहीशी होत गेली.

महाराष्ट्रात संत गाडगे महाराजांनी हाती खराटा घेऊन स्वच्छतेचा व डोळस श्रद्धेचा प्रसार केला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जट सोडविण्याचे काम हाती घेतले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुणे येथे डॉ. दाभोलकर यांची हत्या झाली, तथापि हे काम थांबले नाही. समितीच्या पुण्याच्या कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी गावोगावी जाऊन शेकडो स्त्रियांना जटेतून मुक्त केले आहे. स्त्रीशी व तिच्या कुटुंबाशी आधी सविस्तर बोलावयाचे, तिची संमती मिळवावयाची व मगच कात्री हाती घ्यावयाची, ही या कामाची रीत अनुकरणीय आहे.

कायदाही या बाबतीत पाठीशी आहे. मुंबई प्रांतात १९३४ साली देवदासी संरक्षणाचा कायदा झाला आणि महाराष्ट्राने देवदासी समर्पणाची प्रथा बंद करणारा नवा अधिनियम २००५ साली संमत केला. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये, अंगात दैवी शक्ती असल्याचे भासवून लोकांना भीती घालणे व सल्ला न मानल्यास अनिष्ट घडेल असे धमकावणे हा गुन्हा आहे. एखादी मुलगी सोडली जाण्याची शक्यता दिसल्यास १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर किंवा पोलीस ठाण्यात तत्काळ कळवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे, घाई करू नये. झोपेत, फसवून किंवा बळाने कोणाचीही जट कापू नये. ती स्त्री मनातून भ्यालेली असते. तशा स्थितीत जट कापली व पुढे घरात कोणी आजारी पडले, किंवा बैल मेला, तर त्याचा दोष कात्रीवर येतो. मग त्या गावात दुसरी स्त्री जट कापून घेण्यास धजत नाही.

हा दोष कसा खोटा आहे हे शेतकऱ्यास त्याच्याच अनुभवावरून पटविता येते. नव्या खताचा गुण ठरविताना एका ताटावरून निर्णय करीत नाहीत. खत दिलेला वाफा व न दिलेला वाफा शेजारी शेजारी ठेवून दोहोंची तुलना करतात. तोच न्याय येथे लावावा. गावात गेल्या वर्षी किती घरी आजार झाले, किती जनावरे दगावली, याची उजळणी करावी. त्यांतील बहुतेक घरांत जट नव्हती व कोणी कापलीही नव्हती, असे दिसून येईल. ज्या घरात जट जपली आहे, त्या घरावर संकट आले नाही काय, हेही विचारावे. प्रश्न नम्रपणे विचारावा व उत्तर त्यांनाच शोधू द्यावे.

दुसरी गोष्ट, श्रद्धेचा उपहास करू नये. देवीची भक्ती करणाऱ्या असंख्य स्त्रिया रोज केस विंचरून, स्वच्छ होऊनच देवळात जातात. भक्तीस जटेची आवश्यकता नाही, एवढेच सांगावे. कापलेली जट नदीस किंवा देवळात वाहण्याची तिची इच्छा असेल तर वाद घालू नये. घरच्यांची तयारी असल्यास ती कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावी. केसांत शेकडा सुमारे पंधरा भाग नत्र असते. ते सावकाश कुजून जमिनीस मिळते.

तिसरी गोष्ट, जट कापल्यानंतर वर्षभर त्या घराशी संबंध ठेवावा. पहिला सण, पहिली यात्रा, पहिला आजार हे कसोटीचे प्रसंग असतात. त्या वेळी कार्यकर्ती दारात उभी राहिली म्हणजे भीतीस जागा उरत नाही. जटमुक्त झालेली स्त्री बोलण्यास तयार असेल तर तिलाच इतर स्त्रियांपुढे बोलू द्यावे. शंभर व्याख्यानांहून तिचा एक अनुभव अधिक परिणामकारक ठरतो.

चौथी गोष्ट, हे काम एकट्याचे नव्हे. आशा स्वयंसेविका, अंगणवाडी सेविका, शिक्षक व बचत गट यांनी ते वाटून घ्यावे. बाळंतिणीच्या व दीर्घ आजारातून उठलेल्या स्त्रीच्या घरी भेट देताना ‘केस विंचरले का?’ हा प्रश्न आवर्जून विचारावा. शाळेत पंधरवड्यातून एकदा मुलींचे केस तपासावेत. मात्र कोणत्याही मुलीस सर्वांदेखत लाज वाटेल असे बोलू नये. सगरोळी येथील कृषि विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी भरणाऱ्या महिला मेळाव्यांत बी-बियाणे व खते यांच्या जोडीने अर्धा तास या विषयास दिल्यास त्याचा उपयोग पुष्कळ होईल.

शेतात तण लहान असतानाच खुरपून काढले तर श्रम थोडे पडतात. ते बियांवर आले म्हणजे पुढील कित्येक हंगाम त्याचा त्रास भोगावा लागतो. गुंत्याचेही तसेच आहे. आज पाच मिनिटे फिरविलेली फणी उद्याची जट टाळते, आणि टळलेली जट एखाद्या मुलीची शाळा, एखाद्या मातेचे आरोग्य व एखाद्या कुटुंबाचे स्वास्थ्य राखते. प्रत्येक घरात कंगवा आहेच. तो रोज फिरेल आणि कोणीही भीतीपोटी तो खाली ठेवणार नाही, एवढी दक्षता शेतकरी बंधुभगिनींनी व कार्यकर्त्यांनी घ्यावी.